सेवानिवृत्ती आणि कादंबरी : एका मोजणीदाराचे मनोगत

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे जीवन'. आम्ही चिटणीसांना कळविले की, रक्तदाब, मधुमेह आणि मुदत ठेवीचे व्याज या तिन्ही बाबतींत आमच्यापेक्षा जाणकार सभासद या संस्थेत पुष्कळ आहेत. आम्हांस अनुभव आहे तो एकाच गोष्टीचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी संपली आणि आम्ही कादंबरी लिहावयास बसलो. त्याविषयी चालत असेल तर बोलतो. चिटणीस म्हणाले, "बोला, पण विद्यार्थ्यांना उपयोग झाला पाहिजे." उपयोग होईल की नाही हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे.

आधी एक खुलासा. आम्ही स्वतःचा उल्लेख 'आम्ही' असा करतो, त्याचे तरुण मंडळींना हसू येते. मोठेपणा म्हणून आम्ही तसे बोलत नाही. ही सवय पंचनाम्याची आहे. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच' या शब्दांनी सुरू होणारे कागद आम्ही छत्तीस वर्षे लिहिले आणि लिहवून घेतले. १९७३ साली आम्ही भूकरमापक म्हणून, म्हणजे लोक ज्याला मोजणीदार म्हणतात त्या कामावर रुजू झालो आणि २००९ साली त्याच खात्यातून निवृत्त झालो. साखळी, काटकोन, फलकयंत्र, टिपण, गुणाकार बुक, हद्दीचे दगड हा आमचा संसार. आमच्या साखळीची लांबी तेहतीस फूट, तिचे भाग सोळा, आणि त्या भागांना म्हणायचे आणे. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. नोकरीत घड्याळ बघायला सवड नसते आणि निवृत्तीनंतर ते बघण्याची गरज नसते, तरी सगळ्या कचेऱ्या घड्याळच का देतात हे कोडे आम्हांस आजवर उलगडलेले नाही. पहिले सहा महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहिण्यात गेले. कोणाचा वारसाचा अर्ज, कोणाची रेशन कार्डातील नावाची दुरुस्ती. त्यानंतर एके दिवशी पहाटे पाच वाजता उठून आम्ही दोनशे पानी वही उघडली आणि कादंबरीचे पहिले वाक्य लिहिले. दोन पाने झाल्यावर मोठ्या उत्साहाने घरात वाचून दाखविली. सौभाग्यवतीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ही बाई नायिका आहे की हद्दीचा दगड?" आम्ही लिहिले होते, 'सदर स्त्री मौजे गावाच्या पूर्वेकडून येऊन विहिरीच्या दक्षिणेस उभी राहिली, सबब तिची सावली पश्चिमेस पडली.' दिशा अचूक होत्या, सावलीही बरोबर होती. बाई तेवढी कुठे दिसत नव्हती.

हे 'सदर' आणि 'सबब' वाक्यांतून काढून टाकण्यास आम्हांस दीड वर्ष लागले. नोकरी माणसाला पेन्शन देते तशी भाषाही देते, आणि ती परत करणे फार अवघड असते. शिक्षक लिहायला बसला की वर्गात बोलल्यासारखे लिहितो, वकील बाजू मांडतो, आणि आमच्यासारखा मोजणीदार जमिनीवरून मान वर करीत नाही. मात्र त्याच नोकरीने एक मोठी गोष्टही दिली. छत्तीस वर्षांत किती गावांच्या बांधांवर उभे राहिलो याची मोजदाद नाही. भावाभावांची भांडणे, सुनांचे रडणे, म्हाताऱ्यांचे मौन, हे सारे फूटभर अंतरावरून पाहिले. मोजणीच्या दिवशी माणूस खरा कसा आहे ते दिसते. लग्नात दिसत नाही, मयतातही दिसत नाही, बांधावर दिसते.

पहिली कादंबरी चार वर्षांत पूर्ण झाली. तीन प्रकाशकांकडून परत आली. चौथ्यांनी छापण्याचा खर्च सांगितला. पेन्शन विक्रीच्या रकमेतून राहिलेले पैसे घालून आम्ही तीनशे प्रती काढल्या. त्यांपैकी काही आपल्या संस्थेच्या वाचनालयात आहेत आणि बऱ्याच आमच्या पलंगाखाली आहेत. त्या कादंबरीचा नायक मोजणीदार होता. प्रामाणिक, गरिबांचा कैवारी, दर दोन प्रकरणांनंतर बदली होणारा. वाचनालयाच्या एका सभासद बाईंनी, त्या स्वतः निवृत्त शिक्षिका आहेत, पुस्तक परत करताना एवढेच म्हटले, "काका, पुस्तक आवडलं. पण तुमचा मोजणीदार फारच चांगला आहे हो."

त्या सहज बोलल्या. आम्ही मात्र त्या रात्री झोपलो नाही. कारण का झोपलो नाही ते आम्हांस माहीत होते. ते पुढे सांगतो. त्याआधी तुम्हांला ओडिशाला घेऊन जायचे आहे.

आमच्या नातीने एक पुस्तक आणून दिले. 'सिक्स एकर्स अँड अ थर्ड', म्हणजे सहा एकर आणि वर तिसरा हिस्सा. मूळ ओडिया कादंबरीचे नाव 'छ माण आठ गुंठ'. लेखक फकीर मोहन सेनापती. इंग्रजी भाषांतर २००५ साली अमेरिकेत निघाले. नातीला वाटले, आजोबांना गुंठ्यांचे वेड आहे, वाचतील. आम्ही मुखपृष्ठ पाहूनच हिशेबाला बसलो. आपल्याकडे चाळीस गुंठ्यांचा एकर, त्यांच्याकडे पंचवीस गुंठ्यांचा माण, आणि माण म्हणजे जवळजवळ एकरच. म्हणून आठ गुंठे म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. शब्द एकच, माप वेगळे. आपल्या गुंठ्याने कोणी ती जमीन मोजली तर त्या कोष्ट्याचे चार-पाच गुंठे कागदावरच गडप होतील.

फकीर मोहनांचा जन्म १८४३ सालचा, बालेश्वरचा. आईबाप लहानपणीच वारले. आजीने वाढविले. नातू आजारी पडला तेव्हा आजीने पिराला नवस केला आणि मुलगा वाचला म्हणून त्याचे व्रजमोहन हे नाव बदलून फकीर मोहन ठेवले. शिक्षण जेमतेम. पोटासाठी मिळेल ते काम केले, पुढे शाळामास्तर झाले. त्या काळात ओडिया ही स्वतंत्र भाषाच नव्हे, ती बंगालीची बोली आहे, सबब शाळांतून तिला काढून टाकावे, असे म्हणणारे विद्वान होते. (हा 'सबब' आम्ही मुद्दाम ठेवला आहे.) त्यांच्याशी ज्यांनी झुंज दिली त्यांत फकीर मोहन पुढे होते. १८६८ साली त्यांनी बालेश्वरला छापखाना काढला. नंतर १८७१ पासून १८९६ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, ओडिशातील लहानमोठ्या संस्थानांत दिवाण किंवा व्यवस्थापक म्हणून नोकरी केली. नोकरी सुटल्यावर ते कटकला येऊन राहिले, आणि १८९७ पासून 'उत्कल साहित्य' या मासिकात त्यांची ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. त्या वेळी त्यांचे वय चोपन्न. नावही स्वतःचे घातले नव्हते, 'धूर्जटी' या टोपणनावाने लिहीत. १९०२ साली ती पुस्तकरूपाने आली. मधल्या काळात, १८९८ साली, 'रेवती' नावाची कथा लिहिली. शिकू पाहणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट आहे. ओडियातील आधुनिक लघुकथेचा आरंभ तिच्यापासून मानतात. पुढे 'मामू', 'प्रायश्चित्त' आणि 'लछमा' या कादंबऱ्या आल्या. 'लछमा'चा काळ अठराव्या शतकातील मराठ्यांच्या ओडिशावरील स्वाऱ्यांचा आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल तेथे १८०३ पर्यंत होता, आणि आपण शाळेत ज्या स्वाऱ्या अभिमानाने वाचतो त्या तिकडच्या माणसाला कशा दिसल्या हे वाचणे आपल्यालाही बरे. १९०९ साली त्यांनी भगवान बुद्धांवर 'बौद्धावतार काव्य' लिहिले, हे या सभागृहात सांगितले पाहिजे म्हणून सांगतो. १९१८ साली ते वारले. म्हणजे ज्या चार कादंबऱ्यांनी त्यांचे नाव राहिले, त्या सगळ्या नोकरी संपल्यानंतरच्या बावीस वर्षांतल्या.

आता ती गोष्ट. गोविंदपूर गावचा रामचंद्र मंगराज हा जमीनदार आणि सावकार. त्याच गावात भगिया आणि सारिया हे कोष्टी नवरा-बायको. त्यांना मूल नाही, पण सहा माण आठ गुंठे उत्तम जमीन आहे आणि नेता नावाची गाय आहे. मंगराजाची नजर त्या जमिनीवर जाते. त्याच्या घरातील चंपा नावाची बाई सारियाला पटविते की, गावदेवीचे देऊळ बांधलेस तर मूल होईल. देवीच्या तोंडून तसा कौलही मिळतो. देवीच्या आड खड्ड्यात माणूस बसवला की देवी काय हवे ते बोलते. देवळासाठी पैसा मंगराजच देतो, जमीन गहाण घेऊन. पुढचे तुम्ही ओळखले असेल. जमीन जाते, गाय जाते, सारिया मंगराजाच्या दाराशी अन्नावाचून मरते, भगियाला वेड लागते. मंगराजाला शिक्षा होते, पण त्याची मालमत्ता एका वकिलाच्या घशात जाते. गावकऱ्यांना काही मिळत नाही. मंगराज मरतो तेव्हा त्याच्या तोंडचे शेवटचे शब्द असतात, 'छ माण आठ गुंठ'. मासिकात खटल्याचे प्रकरण छापून आले तेव्हा खेड्यापाड्यांतील लोक मंगराजाचा खटला बघायला कटकच्या कचेरीत आले होते, असे सांगतात.

हे सारे कथानक झाले. आम्हांस खिळवून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. या कादंबरीतला निवेदक स्वतःला 'आम्ही' म्हणवितो. तो मंगराजाची स्तुती करीत राहतो. किती धार्मिक, किती दयाळू, उपासतापास करणारा. आणि त्या स्तुतीतूनच मंगराज उघडा पडत जातो. निवेदक लबाड आहे, त्याला सगळे माहीत आहे, तो सत्तेच्या बाजूला उभा राहून बोलतो. पंचवीस वर्षे संस्थानिकांच्या दरबारात काढलेल्या माणसालाच हा आवाज सापडू शकतो. तो आवाज त्याने तेथेच रोज ऐकला असणार आणि रोज काढलाही असणार.

हे आम्ही उगीच म्हणत नाही. १८९१ साली केओंझर संस्थानात भुयाँ आदिवासींनी वेठबिगारीला आणि जुलमाला कंटाळून उठाव केला. धरणीधर त्यांचा पुढारी. फकीर मोहन त्या वेळी राजाचे व्यवस्थापक होते. ते बंडवाल्यांच्या हाती सापडले. त्यांनी काय केले? धरणीधराची परवानगी घेऊन संस्थानच्या माणसाला एक साधी चिठ्ठी लिहिली, पान-सुपारी पाठवा आणि उत्तरेकडून पाट काढून उसाला पाणी द्या, नाहीतर ऊस हातचा जाईल. बंडवाल्यांना वाटले, बिचारा आपल्या उसाच्या काळजीत आहे. राजाच्या माणसांना अर्थ कळला. ऊस म्हणजे राजा, पाणी म्हणजे फौज. फौज आली, उठाव मोडला, फकीर मोहन सुटले. ही हकीकत त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितलेली आहे आणि लोक ती आजही त्यांच्या चातुर्याची म्हणून सांगतात. चातुर्य आहेच. पण आम्ही वाचताना धरणीधराच्या बाजूला बसून वाचली. ज्याने विश्वासाने चिठ्ठी जाऊ दिली त्याच्या बाजूला. सहा वर्षांनी त्याच लेखणीने भगिया आणि सारिया लिहिले. मधल्या सहा वर्षांत त्या माणसाच्या मनात काय झाले असेल हे सांगणे आमच्या अधिकारात नाही. परंतु आमच्या मनात काय झाले ते सांगू शकतो.

१९८४ साल. तालुक्याचे व गावाचे नाव घेत नाही. आपल्या समाजाच्या एका विधवा बाईच्या जमिनीच्या मोजणीवर आमची नेमणूक झाली. जमीन वतनाची. विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गावाची रात्रंदिवस चाकरी करावी म्हणून महारांना जे तुकडे मिळाले त्याला कोणी हाडोळा म्हणतात, कोणी हाडकी-हाडवळा. १८७४ च्या वतन कायद्याने ती बेडी पक्की केली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात दुरुस्तीचे बिल मांडले ते याच बेडीसाठी. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने नष्ट झाली आणि ठराविक रक्कम भरून जमिनी पुन्हा त्याच कुटुंबांच्या नावे झाल्या, मात्र कलेक्टरांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत या अटीवर. त्या बाईच्या सासऱ्याने ती रक्कम कशी भरली असेल ते तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

शेजारी बागायतदार. बांध सरकलेला होता. टिपण लावून पाहिले तर बाईची अकरा गुंठे जमीन शेजाऱ्याच्या उसात निघत होती. अकरा गुंठे म्हणजे अकरा हजार नऊशे एकोणऐंशी चौरस फूट. हा आकडा आम्ही आजही कागद न घेता सांगतो. मोजणीच्या नकाशावर दोन्ही रेषा दाखवायच्या असतात. दप्तराप्रमाणे येणारी हद्द एक, आणि प्रत्यक्षातील वहिवाट दुसरी. दुपारी जेवणाची सोय बागायतदाराच्या मळ्यात होती. आम्ही जेवलो नाही, आमच्याबरोबरचे जेवले. वरिष्ठ म्हणाले, "नवीन पोरगं आहेस, संसार मांडतोयस. वहिवाट दाखव आणि मोकळा हो. उद्या कोकणात टाकतील." आमची मुलगी त्या वेळी आठ महिन्यांची होती.

आम्ही एकच रेषा काढली.

पैसे घेतले नाहीत. या गोष्टीचा आम्हांस पुढे कित्येक वर्षे अभिमान वाटत असे, हे सांगायलाही आज लाज वाटते. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. सकाळी आम्ही बांधावर पोचलो तेव्हा त्या बाईने आमचे आडनाव विचारले, आणि ते ऐकून तिचा चेहरा उजळला. पाण्याचा तांब्या आणून दिला आणि शेजारणीला म्हणाली, "आपला माणूस आलाय मोजायला. आता काळजी न्हाई." संध्याकाळी जबाबावर अंगठा देताना तिने विचारले, "दादा, समदं बराबर हाय न्हवं?" आम्ही म्हणालो, "होय, मावशी."

आमच्या पहिल्या कादंबरीतला मोजणीदार फार चांगला होता तो यामुळे. ज्या बांधावर आम्ही मान खाली घातली, तेथे त्याला मान वर करून उभे केले होते. वाचनालयातल्या बाईंना ते माहीत नव्हते, पण वाचणाऱ्याला कळते.

म्हणून दुसरी कादंबरी लिहावयास घेतली. तिचा निवेदक मोजणीदारच आहे आणि तोही 'आम्ही' म्हणतो. फकीर मोहनांची नक्कल केली असे कोणी म्हणेल, तर म्हणो. 'आम्ही' या शब्दाची एक सोय आहे. पंचनाम्यावर पाच सह्या असल्या की चूक पाचांत वाटली जाते आणि कोणाच्याच वाट्याला पुरती येत नाही. कादंबरीत मात्र तसे होत नाही. तेथे वाचणारा विचारतोच की, 'आम्ही' म्हणजे नेमका कोण?

तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल, आत्मकथनच का लिहीत नाही? आपल्या साहित्यात आत्मकथनाची थोर परंपरा आहे. शांताबाई कांबळे शिक्षण खात्यातून १९८१ साली निवृत्त झाल्या आणि त्यानंतर त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. १९८६ साली पुस्तक आले. निवृत्तीनंतर लेखणी धरणाऱ्यांनी आधी ते वाचावे. पण त्यांनी स्वतःचे भोगलेले लिहिले. आमची अडचण अशी की, भोगले त्या बाईने. आम्ही केले. आमचे आत्मकथन लिहिले तर त्यात ती चार ओळींत येईल आणि बाकी पाने आमच्या पश्चात्तापाने भरतील. कादंबरीत तिला घर देता येते, तिची सकाळ देता येते, तिच्या सुनेशी तिचे भांडण लावता येते. आम्ही तिला आयुष्यात एकच दिवस पाहिले. उरलेले दिवस शोधून काढणे हेच कादंबरीचे काम आहे असे आम्हांस वाटते, आणि ते साखळीने होत नाही. गेल्या चार वर्षांत आम्ही तिच्या वयाच्या वीसएक स्त्रियांकडे जाऊन बसलो. जात्याजवळ कुठे बसत, रॉकेल किती दिवस पुरे, हाडोळ्यात काय पिके, अंगठा देताना शाई कशाने पुसत. एका आजींनी सांगितले, पदराने पुसत नसू, डाग धुतला तरी जात नाही, मातीने पुसायचो. एवढे एक वाक्य मिळाले तेव्हा आमचे अर्धे प्रकरण उभे राहिले.

आता उशिरा लिहिण्याविषयी दोन शब्द. अकरावी-बारावीच्या विज्ञान व संगणकाच्या विद्यार्थ्यांना डी मॉर्गनचे नियम ठाऊक असतील. ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याच देशात, मदुराईला जन्मले. त्यांचा मुलगा विल्यम हा कुंभारकाम करी, रंगीत कौले आणि फरशा बनवी. आयुष्यभर त्यात तोटा सोसला. कारखाना बंद पडण्याच्या सुमारास, १९०६ साली, सहासष्टाव्या वर्षी त्याची पहिली कादंबरी 'जोसेफ व्हान्स' निघाली आणि इंग्लंड-अमेरिकेत खूप खपली. सुरुवातीची पाने त्याने टाकून दिली होती, चित्रकार बायकोने ती वाचून त्याला पुढे लिहावयास लावले असे सांगतात. आमच्या घरी याच्या उलट झाले. आम्ही जपून ठेवलेली पाने सौभाग्यवतीने टाकावयास लावली, आणि तिचेच बरोबर होते.

पण अशी उदाहरणे ऐकून कोणी म्हणू नये की साठीनंतर लिहू, घाई काय आहे. अण्णाभाऊ साठ्यांना पन्नाशीही लाभली नाही. १९२० चा जन्म आणि १९६९ ला गेले. तेवढ्यात त्यांनी कादंबऱ्यांची रांग लावली. त्यांना ना पेन्शन होती ना पहाटेची निवांत खोली. आम्हांला महिन्याच्या एक तारखेला बँकेत पैसे जमा होतात म्हणून आम्ही सावकाश लिहू शकतो, हे आम्ही विसरत नाही. शिवाय उशिरा लिहिण्यात एक नुकसान आहे ते कोणी सांगत नाही. ज्यांना विचारायचे ती माणसे तोवर गेलेली असतात. तुमच्या आजी-आजोबांकडे आज रात्रीच जाऊन बसा. शेताचे नाव काय होते, बांधावर कोणते झाड होते, कोणत्या साली कोणी विकले. वहीत तारीख घालून लिहून ठेवा. कादंबरी नंतर होईल किंवा होणार नाही, पण वही असेल.

आम्ही फार उशिरा गेलो. २०१७ साली त्या गावी जाऊन आलो. बाई केव्हाच वारल्या होत्या. जुन्या टिपणाची नक्कल आम्ही बरोबर नेली होती, म्हटले, फेरमोजणीचा अर्ज आपल्या हाताने लिहून देऊ. नातू भेटला, पुण्याजवळ एका कारखान्यात कामाला आहे, सुट्टीवर आला होता. त्याने सगळे ऐकून घेतले. मग आम्हांला शेताकडे घेऊन गेला. उरलेली जमीन बहिणीच्या लग्नासाठी रीतसर परवानगी काढून विकली होती, आणि घेणारा तोच शेजारी. बांध नांगरून टाकलेला. दोन्हीकडे एकच ऊस. मोजायला हद्दच शिल्लक नव्हती.

परतताना आम्ही त्याला कादंबरीविषयी सांगितले. नावे बदलली आहेत, गाव बदलले आहे, कोणाला ओळखू येणार नाही, काळजी करू नकोस, असेही म्हटले. तो एस. टी. येईपर्यंत काही बोलला नाही. गाडी आली तेव्हा आमची पिशवी वर देत म्हणाला, "काका, बाकी समदी नावं बदला. आजीचं तेवढं खरं घाला."

कादंबरीची आता सतरा प्रकरणे झाली आहेत. तिचे खरे नाव घातले तर गाव ओळखू येते, शेजारी ओळखू येतो, त्याची नातवंडेही ओळखू येतात, आणि त्या मुलांनी काही केलेले नाही. खोटे घातले तर आम्ही दुसऱ्यांदा तिच्या कागदावर चुकीची नोंद केली असे होते. वाचनालयातल्या बाई म्हणतात खरे घाला, सौभाग्यवती म्हणते थांबा. तूर्त हस्तलिखितात जेथे जेथे तिचे नाव येते तेथे आम्ही चार अक्षरांची जागा मोकळी सोडलेली आहे.

जय भीम.